पेल्टन पार्कचे चार आकडे

पोर्ट हॅडलीत आर्विड कांगासला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ओळखतो म्हणून त्याचं ऐकतो असा सापडणं त्याहून कठीण. उंची सहा फूट दोन इंच, खांदे दाराच्या चौकटीला घासतील एवढे, आवाज मात्र इतका बारीक की तो काही मागू लागला की दुकानदार आधी रेडिओ बंद करायचा. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यातले सव्वीस उन्हाळे त्याने पेल्टन पार्क नावाच्या बेसबॉलच्या मैदानावर गवत कापण्यात घालवले, आणि तेवढेच हिवाळे टाउनशिपच्या गाडीवर बसून रस्त्यावरचा बर्फ ढकलण्यात. "उगवलं ते कापायचं, पडलं ते ढकलायचं," आपल्या नोकरीबद्दल तो इतकंच सांगे.

पेल्टन पार्क तळ्याच्या काठी होतं. संघ खालच्या पायरीचा, खेळाडू पोरसवदा, प्रेक्षक बरे दिवस असतील तेव्हा बाराशे. १९८८ साली संघ दुसऱ्या गावाला गेला, दोन वर्षांनी लाकडी स्टँड पाडले, आणि तिथे घरात न मावणारं सामान ठेवायला भाड्याने द्यायच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. तिथून गाडी नेताना आर्विडचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

"तो निळा दरवाजा दिसतोय ना? तिथे दुसरा बेस."

"आणि इथे हिरवा सिग्नल," त्याची बायको मार्लीस म्हणे. "मागचा भोंगा वाजवतोय."

मार्लीसने शाळेच्या खानावळीत तीस वर्षं चारशे मुलांना रोज जेवू घातलं होतं, त्यामुळे एका नवऱ्याच्या हट्टाचं तिला फारसं काही वाटत नसे. एकुलती एक मुलगी ॲरिझोनात, म्हणजे जिथे कापायला गवत नाही आणि ढकलायला बर्फ नाही अशा ठिकाणी राहायला गेली, तेव्हा आर्विडने तो आपल्या पेशाचा अपमान मानला होता. ते सोडलं तर घरात भांडण म्हणून नव्हतं.

आता लीगबद्दल. गावातली आणि आसपासची बारा मोठी माणसं १९७८ पासून कागदावर बेसबॉल खेळत होती. प्रत्येकाचा एक संघ. मोठ्या लीगमधल्या प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर त्याच्या गेल्या वर्षीच्या कर्तबगारीचे आकडे. एकमेकांच्या घरी जायचं, टेबलावर कार्डं मांडायची, फासे टाकायचे, आणि फासा सांगेल ते कार्डावर वाचायचं. वर्षाला एकशे बासष्ट सामने. यात एक न्हावी होता, एक दंतवैद्य, एक निवृत्त पोस्टमन, एक पाद्री. पाद्री सगळ्यांत जास्त शिव्या देई.

आर्विडच्या संघाचं नाव होतं पर्च. तळ्यात मिळणारा साधा मासा, तळून खायचा. संघाचीही दरवर्षी तीच गत होई. तीस वर्षांत पर्च अंतिम फेरीत एकदाही पोचले नव्हते.

कागदावरच्या संघालाही घरचं मैदान लागतं. काही कार्डांवर काही ठिकाणी चौकटीची खूण असे. फासा त्या खुणेवर पडला की चेंडू कुंपणापर्यंत गेलाय असं धरायचं आणि वीस बाजूंचा दुसरा फासा टाकायचा. कुंपणापलीकडे गेला की झेलला गेला, हे मैदानाच्या आकड्यावर ठरे. प्रत्येक मैदानाचे असे चार आकडे: उजव्या आणि डाव्या हाताने खेळणाऱ्यांचे होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, आणि दोघांचे साधे फटके. मैदान एकदा निवडलं की दहा वर्षं तेच. २००८ च्या मार्चमध्ये सगळ्यांच्या मुदती एकदम संपत होत्या.

आर्विडला पेल्टन पार्क हवं होतं. त्याला बक्षीस नको होतं, करंडक नको होता. आपला हरणारा संघ आपल्या मैदानावर हरावा, एवढीच त्याची अपेक्षा. अडचण अशी, की यादीत फक्त मोठ्या लीगची मैदानं होती. पेल्टन पार्कचे आकडे कोणी कधी काढलेच नव्हते.

"मग काढ," कमिशनर डेल प्रुइट म्हणाला. हाच तो निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं लोकांच्या दाराशी त्यांचं नशीब नेऊन टाकल्यामुळे त्याच्या बोलण्यात एक अधिकार आला होता. "पुरावे आण, समितीपुढे ठेव. तू सांगतोस म्हणून मी एक मैदान यादीत घातलं, तर उद्या पाद्री स्वर्गातलं घेऊन येईल."

आर्विड चार हिवाळे लायब्ररीत बसला. फिल्मवर उतरवलेली स्थानिक वर्तमानपत्रं, सव्वीस वर्षांची, एकेक सामना. घरचा होमरन, बाहेरचा होमरन, मारणारा डावखुरा की उजवा. मार्लीस डबा द्यायची आणि विचारायची, "आज कितवं साल?"

"एकाहत्तर. जुलै."

"जुलै एकाहत्तर. तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते. तेही छापून आलंय का बघ."

आकडे निघाले तेव्हा तो स्वतःच जरा घाबरला. तळ्यावरून येणारा वारा चेंडूला कुंपणाजवळ अडवून परत आत टाकायचा, हे त्याला माहीत होतं. गवत कापताना त्याची टोपी रोज त्याच दिशेने उडायची. पण आकड्यांत ते इतकं उघडं दिसेल असं वाटलं नव्हतं. डावखुऱ्यांच्या होमरनला वीसमधले फक्त दोन, उजव्यांच्या चार. फलंदाजांचं स्मशान. चेंडू टाकणाऱ्या पिचर लोकांसाठी मात्र अख्ख्या यादीत असं मैदान नव्हतं.

नोव्हेंबरच्या सभेत त्याने आपल्या बारीक आवाजात चाळीस मिनिटं भाषण केलं. आयुष्यात एवढं तो कधी बोलला नव्हता. वाऱ्याचा नकाशा दाखवला, कुंपणाचे फोटो दाखवले, सगळ्यांना चाळीस पानांची एकेक प्रत वाटली. घरोघर जाऊन एखाद्या मुलीचं रूप, गुण, स्वयंपाक यांची तारीफ करत सुटावं, आणि तिला आपणच मागणी घालणार आहोत हे सांगायचं राहून जावं, तसलं ते भाषण झालं. नऊ विरुद्ध तीन मतांनी पेल्टन पार्क यादीत आलं. डॉक्टर ट्रेंट ओस्टर या तरुण दंतवैद्याने पूर्ण वेळ लॅपटॉपवर टिपणं घेतली, तेव्हा आर्विडला तो कौतुकाचा भाग वाटला.

मुदत पुढच्या वेळी संपणार ती २०१८ साली. तोवर आर्विड एक्क्याऐंशीचा. कांगास घराण्यातला कोणी पुरुष अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेलेला नव्हता; तोही आकडा त्याने काढून ठेवला होता.

ड्राफ्ट, म्हणजे खेळाडू निवडून घ्यायची सभा, मार्चच्या पहिल्या शनिवारी, लुथरन चर्चच्या तळघरात. सकाळी नऊला कॉफीचं मोठं भांडं, मार्लीसने केलेला वेलदोड्याचा गोड पाव, आणि दुपारसाठी मंद आचेवर ठेवलेला खिमा. फळ्यावर बारा नावं. गेल्या वर्षी जो शेवटचा, तो पहिला निवडणार. पर्च नववे आले होते, म्हणून आर्विडचा नंबर चौथा. एका फेरीत एकच गोष्ट मागता येई: एक तर खेळाडू, नाहीतर मैदान.

आर्विडने घरून चिठ्ठी लिहून आणली होती. त्यावर दोनच शब्द होते. गस टोमासिनोने ती त्याच्या खिशातून ओढून वाचली. गस गावातला न्हावी आणि आर्विडचा पन्नास वर्षांचा दोस्त. आर्विडच्या डोक्यावरचे केस एकेक करून जाताना त्याने जवळून पाहिले होते.

"पहिल्या फेरीत मैदान? अरे, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मला तेच हवंय."

"हवंय ना, मग घे. पण तीस वर्षांत कोणी पाचव्या फेरीच्या आधी मैदान घेतलंय? सांग, कोणी घेतलंय? खेळाडू उरत नाहीत तेव्हा माणूस मैदानाकडे वळतो. आणि तिकडे यादीत बाराहोना बसलाय. बावीस वर्षांचा शॉर्टस्टॉप. तुझ्या नंबरपर्यंत तो शिल्लक राहिला आणि तू गवत मागितलंस, तर लेका, हे लोक तुला मेल्यावरही सोडणार नाहीत. पाद्री तुझ्या अंत्यविधीत ती गोष्ट सांगेल."

"सांगेन," पाद्री पलीकडून म्हणाला. त्याचं तोंड पावाने भरलं होतं.

"आधी बाराहोना घे," गस म्हणाला. "दुसऱ्या फेरीत मैदान घे. तेव्हाही हसतील, पण जरा हळू हसतील."

आर्विडने चिठ्ठी परत घडी करून ठेवली. पहिले तिघे झाले. तिघांनी पिचर घेतले. बाराहोना खरंच शिल्लक होता. सगळं तळघर आर्विडकडे बघायला लागलं. तीस वर्षं या तळघरात तो काहीही बोलला की लोक आधी हसत आणि मग ऐकत. त्याने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा गसकडे.

"बाराहोना," तो म्हणाला.

कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. डेलने फळ्यावर नाव लिहून खडू खाली ठेवला आणि म्हणाला, "कांगास, या खोलीत तू पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलास." आर्विडचे कान लाल झाले. आयुष्यात आपल्यासाठी टाळ्या वाजल्याचं त्याला आठवत नव्हतं; मैदानावर वाजत त्या खेळाडूंसाठी, आणि तेव्हाही तो चुन्याची रेघ मारत असे. ते तीस सेकंद तो खरंच सुखात होता, हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे तसं काही नाही.

पाचवा झाला. सहावा झाला. सातवा नंबर डॉक्टर ओस्टरचा. त्याने लॅपटॉपवर एक बोट टेकवलं आणि दाताखाली खडा नाही ना, असं विचारावं तितक्या सौम्यपणे म्हणाला, "पेल्टन पार्क."

डेलचा खडू हवेतच राहिला. "मैदान?"

"हो. माझ्याकडे चार चांगले पिचर आहेत. गेली दहा वर्षं ते चिमुकल्या मैदानावर मार खातायत. मिस्टर कांगास यांनी नोव्हेंबरमध्ये जे दाखवलं, ते मी हिशेब करून पाहिलं. वर्षाला नऊ सामने जास्त जिंकता येतील. असा खेळाडू मला पहिल्या फेरीतही मिळणार नाही."

कोणी हसलं नाही. पहिल्या फेरीत मैदान घेणाऱ्याला हसायचं असतं हा नियम तीस वर्षांचा. पण तो तरुण होता, त्याच्याकडे लॅपटॉप होता, आणि त्याचं बरोबर होतं.

गस खाली मान घालून कॉफी ढवळत राहिला. कॉफीत साखरही नव्हती.

दुपारी जेवणाच्या वेळी ओस्टर स्वतः उठून आर्विडच्या टेबलाशी आला. माणूस वाईट नव्हता, आणि हीच मोठी पंचाईत होती.

"मिस्टर कांगास, मला आत्ता कोणीतरी सांगितलं. तुम्हाला ते स्वतःसाठी हवं होतं. मला वाटलं, तुम्ही लीगच्या भल्यासाठी काम केलंत. तुम्ही शॉर्टस्टॉप घेतलात म्हणून..."

"हो. घेतला."

"मग अदलाबदल करू. बाराहोना मला द्या, पेल्टन पार्क तुम्ही घ्या. माझं नुकसान नाही, तुमचं काम होईल."

गसचा चेहरा खुलला. "झालं तर मग. डेल, इकडे ये. लिही."

डेल आला, पण पानं चाळत आला. लीगची घटना टाइप केलेली होती, सव्वीस पानं, कोपऱ्यात खिम्याचे डाग. "कलम चौदा," तो म्हणाला. "घेतलेलं मैदान मुदत संपेपर्यंत दुसऱ्याला देता येणार नाही, बदलता येणार नाही."

"हे कोणत्या गाढवाने लिहिलं?" गसने विचारलं.

ते आर्विडने लिहिलं होतं. १९९६ साली गसनेच एका मोसमात तीनदा मैदान बदललं, तेव्हा. मैदान म्हणजे काय जुनी मोटार आहे, हिवाळा आला की विकायला? असं म्हणून आर्विडने ते कलम मांडलं होतं, आणि गसखेरीज सगळ्यांनी हात वर केले होते.

"तो मीच," आर्विड म्हणाला.

डेलने घटना मिटली. "हे बघा. दाराच्या आतली गोष्ट आहे. बारा जण इथेच बसलोत. सगळ्यांचे हात वर झाले तर कलम आज दुपारपुरतं बाजूला ठेवू. कोणाची हरकत?"

हात वर झाले. ओस्टरचा झाला, पाद्र्याचा झाला, गसने दोन्ही केले. दहा, अकरा. सगळे बारावा शोधायला लागले. बारावा आर्विडचा होता आणि तो टेबलावरच होता.

"अरे, वर कर," गस म्हणाला. "तुझ्यासाठीच चाललंय."

आर्विड बोलला ते इतकं हळू, की मागच्या टेबलावरच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं. "आज माझ्यासाठी कलम वाकवलं, तर उद्या कोणी म्हणेल, आकडेही यानेच काढले, आणि मैदान यालाच मिळालं. दोन आणि चार. ते खरे आहेत. मी चार वर्षं मोजलेत. डॉक्टरने पारखून घेतलंय. म्हणजे खरे आहेत."

"कोणी असं म्हणणार नाही," डेल म्हणाला.

"मी म्हटलं असतं," आर्विड म्हणाला.

हे बोलून झालं आणि त्याच क्षणी त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. आता कोणीतरी पुन्हा म्हणेल, गस ओरडेल, डेल हात धरून वर करेल, आपण दोनदा नाही म्हणू आणि तिसऱ्यांदा गप्प बसू, असं त्याला मनापासून वाटलं. पण पोर्ट हॅडलीत आग्रह करत नाहीत. पानावर दुसऱ्यांदा वाढताना नको म्हटलं की वाडगा पुढे जातो, आणि माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नकोच, हा तिथला सभ्यपणा. अकरा हात आदराने खाली आले. ओस्टर म्हणाला, "मी तुमचा मान राखतो, मिस्टर कांगास," आणि आपल्या जागेवर गेला. खिम्याचं भांडं पुढे सरकलं. आर्विडने पाव उचलला, तसाच धरला, आणि बशीत परत ठेवला.

दुपारभर त्याने खेळाडू घेतले. कोणते, ते त्याला संध्याकाळी फळ्यावर वाचूनच कळलं. दहाव्या फेरीत डेल म्हणाला, "कांगास, तू अजून मैदान घेतलेलं नाहीस." यादीत एकच राहिलं होतं. छप्पर असलेलं, आत वारा नाही, पाऊस नाही, आणि जमिनीवर प्लास्टिकचं गवत.

"दहा वर्षं?" आर्विडने विचारलं.

"दहा वर्षं," डेल म्हणाला आणि लिहिलं.

घरी आल्यावर मार्लीसने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पावाचं रिकामं ताट हातातून घेतलं.

"मिळालं नाही?"

"मिळत होतं. मी नाही म्हटलं."

मार्लीसने ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं, आणि मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "सगळं सांग. हळू सांग. मला ओरडायला मध्ये मध्ये जागा ठेव." त्याने सांगितलं. ती ओरडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "चार हिवाळे डबा मी दिला होता, आर्विड. मला एकदा विचारायचंस तरी." त्या तळघरातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा त्याला हीच जास्त दिवस लागून राहिली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पर्च पाहुणे म्हणून ओस्टरकडे गेले. तीन सामने. ओस्टरचं घर नवं, स्वयंपाकघर आर्विडच्या सगळ्या घराएवढं. लीगची पद्धत अशी, की यजमानाने मैदान मांडायचं आणि पाहुण्याने तोवर बसून राहायचं. ओस्टरने खणातून एक जाड कागदाचा तुकडा काढला, व्यवस्थित प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत मैदानाचं नाव आणि खाली चार आकडे. बाकी काही नाही. आर्विडची चाळीस पानं एवढ्यात मावली होती.

"मिस्टर कांगास, वारा नक्की कुठून यायचा? माझी मुलगी परवा विचारत होती."

आर्विडने तोंड उघडलं. उजव्या बाजूच्या कुंपणामागे तळं, दुपारी तीनच्या सुमारास वारा फिरायचा, चुन्याची पांढरी भुकटी पिचरच्या दिशेने उडायची म्हणून रेघ डावीकडून मारायला घ्यावी लागे. असं बरंच काही होतं. त्याने बोट वर केलं, पण ओस्टरच्या स्वयंपाकघरात उत्तर कोणतं हे त्याला समजेना. फ्रिजच्या मागे तळं होतं की ओव्हनच्या?

"तो आकड्यांत धरलेला आहे," तो म्हणाला.

"हो, ते बरोबर," ओस्टर म्हणाला आणि त्याने पहिला पिचर ठेवला.

पहिले दोन सामने पर्च हरले. तिसऱ्यात, सातव्या डावात, दोन खेळाडू बेसवर असताना बाराहोना खेळायला आला. डावखुरा. आर्विडने फासे टाकले. चौकटीची खूण. ओस्टरने वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात दिला. एक किंवा दोन पडला तर तीन धावा आणि पर्च पुढे. तीन किंवा वर पडला तर झेल. फासा घरंगळत मिठाच्या बाटलीला लागला आणि तीनवर थांबला.

"अरेरे," ओस्टर म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला.

आर्विड त्या फाशाकडे बघत राहिला. असा चेंडू त्याने शेकडो वेळा पाहिला होता. गेला गेला म्हणून लोक उभे राहायचे आणि तो कुंपणाच्या हातभर आधी, जणू कोणी शर्टाला धरून मागे ओढल्यासारखा खाली यायचा. अगदी असाच. त्याच्या तोंडून "बरोबर" असं निघून गेलं, आणि चेहऱ्यावर समाधान आलं. मग बाद कोण झालं ते आठवलं, आणि ते समाधान कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मग त्याने कागदावर बाराहोनाच्या नावापुढे झेल असं लिहिलं, आणि पुढचं कार्ड लावलं.

संध्याकाळी सहाला तो घरी आला. मार्लीस बागेत कांद्याच्या रोपांना पाणी घालत होती.

"जिंकलास?"

"नाही."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तिने नळ बंद केला. "आणि मैदान कसं आहे?"

आर्विडने खिशातून मोसमाचं वेळापत्रक काढलं, चष्मा लावला, आणि बोटाने खाली खाली जात एका ओळीवर थांबला.

"ऑगस्टमध्ये अजून तीन आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे."